ट्रेलरचे टोकन

ज्या वाहनाला इंजिन असते त्याला इंधन लागते, याबद्दल आमच्या कुटुंबात कधीच मतभेद नव्हता. मतभेद होता तो एवढाच, की ते भरायचे कधी. माझ्या थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे, ठाम मत असे की काटा तळाला टेकल्यावरसुद्धा गाडी बरीच चालते, कारण काटे बनवणारी माणसे मुळातच भित्री असतात. आत्याच्या लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही हमरस्त्याला लागलो, तेव्हा काटा तळाला टेकून बराच वेळ झाला होता, आणि हा विशिष्ट काटा बनवणारा माणूस तितकासा भित्रा नसावा अशी शंका दादालाही येऊ लागली होती.

आत्याचे वय बासष्ट. आयुष्यभर तिने शाळेत भूमिती शिकवली. आई गेल्यावर दादाला आणि मला तिनेच लहानाचे मोठे केले, आणि त्या भानगडीत स्वतःचे लग्न करायचे ती विसरून गेली. आमची बस्ताने बसल्यावर एके दिवशी तिने चहा पिता पिता जाहीर केले, की आता ती स्वतःचा संसार मांडणार आहे. नवरदेव शेजारच्या शहरात घड्याळे दुरुस्त करतात. आम्ही त्यांना घड्याळवाले म्हणतो; लग्न लागल्यावर काका म्हणायचे ठरले होते. माणूस सोन्यासारखा. नोंदणी कार्यालयाची खिडकी पाचला बंद होणार होती, आणि ती चुकली तर पुढची तारीख थेट सात महिन्यांनी होती. "मी थांबेन हो," घड्याळवाले आत्याला म्हणाले होते, "पण या वयात चावी किती दिवस पुरेल, ते मी सांगू शकत नाही."

गाडी दादाची. मध्यंतरी लोकांमध्ये मोकळे जगण्याची साथ आली होती, तिच्यात दादा सापडला. तळ्याकाठी चाकांवरचे घर उभे करून हातात कॉफी घेतलेल्या माणसांचे फोटो पाहून पाहून त्याने सहलीची एक जुनी बस विकत घेतली, आतली बाके काढून सोफा टाकला, आणि मोकळे जगायची जय्यत तयारी केली. तेव्हापासून ती बस आमच्या दारात उभी आहे आणि वहिनी तिच्या टपावर उशा वाळत घालतात. घरात तिला सगळे हत्ती म्हणतात, कारण ती खाते फार आणि हलते कमी. त्या दिवशी हत्तीच्या मागे भाड्याचा ट्रेलर जोडलेला होता आणि ट्रेलरवर आत्याचा सगळा संसार बांधलेला होता: शिसवी कपाट, पलंग, गाद्या, शिलाईचे मशीन, वर्गात बसायची तिची हातांची खुर्ची, आणि घड्याळवाल्यांच्या अंगणासाठी हौसेने घेतलेले गवत कापायचे यंत्र. म्हणजे नाकापेक्षा मोती जड होता.

पंप दिसला तेव्हा दादाने स्टिअरिंगवर हात जोडले. पूर्वी या पंपावर एक माणूस झाडाखाली झोपलेला असे. त्याला हाक मारली की तो उठे, डिझेल भरे आणि पुन्हा झोपे. आता तो माणूस नव्हता आणि झाडही नव्हते. पंपाचे रूपांतर इंधन सुलभता केंद्रात झाले होते. आत जायला एक आडवा दांडा, बाहेर पडायला दुसरा आडवा दांडा, रस्ता एकेरी, आणि मधोमध जमिनीवर रंगवलेली एकच पिवळी चौकट. वर फलक होता: "आपल्या सोयीसाठी होणाऱ्या गैरसोयीबद्दल आपले आभार."

मी स्वतः एका कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. नीट आखलेली व्यवस्था पाहिली की मला गहिवरून येते. आत शिरताना यंत्राने हत्तीच्या पुढच्या नंबरप्लेटचा फोटो काढला, मग ट्रेलरच्या मागच्या नंबरप्लेटचा काढला, दोन नंबर वेगळे आहेत हे स्वतःच्या बुद्धीने ओळखले आणि दोन टोकन दिली. "बघा वहिनी, किती बारकाईनं काम चालतं," मी म्हणालो. पहिल्यांदा खटकायला हवे होते ते इथेच, पण मला अभिमान वाटला.

टाकीचे झाकण गाडीच्या कुठल्या बाजूला आहे हे दादाला गाडी घेतल्यापासून आठवत नाही. त्या दिवशी ते नशिबाने बरोबर बाजूला आले. नशीब त्या दिवशी तेवढ्यापुरतेच आले होते.

केबिनमधून व्यवस्थापक बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, टाय, छातीवर बिल्ला: "मी आपली काय मदत करू?"

"स्वागत आहे, सर. गाडी पूर्ण चौकटीत घ्या."

"घेतली की," दादा म्हणाला.

"मागचा भाग बाहेर आहे."

"तो ट्रेलर आहे."

"म्हणजेच मागचा भाग, सर."

दादाने गाडी पुढे घेतली. ट्रेलर चौकटीत आला आणि हत्तीचे नाक बाहेरच्या दांड्याला टेकले. व्यवस्थापकाने वाकून पाहिले. "आता पुढचा भाग बाहेर आहे, सर."

आत्याने खिडकीतून डोके काढले. "अहो, तुमची चौकट गाडीएवढी आहे. गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी दुप्पट. ती त्यात बसणार कशी?"

"मॅडम, आम्ही कोणालाच नाही म्हणत नाही," व्यवस्थापक अदबीने म्हणाला. "आम्ही फक्त प्रक्रिया सांगतो. आपण ट्रेलर सोडवून घ्या."

त्यासाठी आधी सगळे मागे न्यायचे होते. ट्रेलर लावलेली गाडी मागे घेणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण वहिनींनी चुकीची बाजू सांगितली, दादाने सवयीप्रमाणे त्याच्या विरुद्ध केले, आणि दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकल्याने सगळे लटांबर सरळ मागे आले. हूक सोडवला. ट्रेलर प्रतीक्षा रेषेवर, किंचित उतारावर राहिला. त्याच्या चाकांखाली दगड लावले. हत्ती एकटा चौकटीत जाऊन उभा राहिला. आता नळी उचलायची तेवढी बाकी होती.

व्यवस्थापक मात्र ट्रेलरभोवती फिरत होता. "याला स्वतःचा नंबर आहे," तो म्हणाला. "स्वतःचं टोकनही आहे. म्हणजे हे स्वतंत्र वाहन झालं. याचे चालक कोण?"

"ट्रेलरला कुठला चालक?" दादा म्हणाला.

"मग हे बेवारस वाहन होतं, सर. बेवारस वाहन उचलून कोठारात नेतात."

"आणि कोठारातून सोडवायचं कसं?"

"कोठार सध्या बंद आहे. ते नव्या कोठारात हलवायचं काम चालू आहे."

इकडे आड, तिकडे विहीर. वहिनींना गाडी चालवता येत नाही आणि माझा परवाना नूतनीकरणासाठी माझ्याच कार्यालयात अडकलेला. शेवटी आत्या उतरली. "मला येते गाडी. मी होते चालक," ती म्हणाली, आणि लग्नाच्या साडीत ट्रेलरवर चढली. चालक आसनस्थ असला पाहिजे, असे समजल्यावर तिची हातांची खुर्ची ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी मांडली. आसनस्थ चालकाला पट्टा हवा, असे समजल्यावर वहिनींनी गादीची दोरी सोडून आत्याच्या कमरेला बांधली. व्यवस्थापकाने लांबून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. आत्या कपाटासमोर बसली होती, आणि पुढे स्टिअरिंग नसल्याने हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हते.

मग हत्तीला डिझेल मिळाले. "किती भरू?" असे विचारताच दादा दिलदारपणे म्हणाला, "फुल्ल!" लग्नाचा दिवस होता, त्याला कोणी अडवले नाही. टाकी काठोकाठ भरली, बिल झाले, बिल झाल्याबरोबर बाहेरचा दांडा आपोआप वर गेला, हत्ती दादा-वहिनींना घेऊन डौलाने बाहेर पडला, आणि दांडा त्याच्या मागे खाली आला.

हत्ती गेला आणि शेपूट राहिले. ही म्हण ज्याने केली तो याच पंपावर येऊन गेला असावा.

आता ट्रेलरची पाळी आली. चाकांखालचे दगड काढताच तो उतारावरून आपसूक सरकत बरोबर चौकटीत जाऊन थांबला. आत्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. ट्रेलर वाटेत कुणाला लागला नाही, हे तिचे कसब. मागे वाट पाहणाऱ्या गाड्यांची रांग एक जागा पुढे सरकली.

"टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे, मॅडम?" व्यवस्थापकाने नळी हातात घेऊन विचारले.

"याला टाकी नाही."

"मग आपण रांगेत कशासाठी लागलात?"

आत्याने माझ्याकडे पाहिले. शाळेत ज्या मुलाने प्रमेय अर्धवट सोडले असेल त्याच्याकडे ती असेच पाहत असे. "मी लागले नाही," ती म्हणाली. "मला लावलं. दांडा उघडा, आम्ही जातो. बाहेर माझा भाचा उभा आहे, तो हूक लावून ओढून नेईल."

"दांडा बिल झाल्यावरच उघडतो. बिल भरणा झाल्यावर होतं. आणि भरणा..."

"टाकीत होतो. कळलं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होता. बाहेरच्या दांड्याकडून त्याला आत येऊ देत नव्हते, रस्ता एकेरी होता. म्हणून तो वळसा घालून आत येणाऱ्या दांड्याकडे गेला होता. तिथल्या यंत्राने हत्तीची टाकी तपासली आणि दांडा उघडायला नकार दिला.

"छोट्या, हे म्हणतंय टाकी भरलेली आहे! गरज नसलेल्या गाड्यांना आत घेत नाही म्हणे, गर्दी होते!"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "नाहीतर लोक उगाच येऊन बसतील."

"बरोबर काय आहे त्यात, गाढवा! मी आत कसा येऊ?"

मी व्यवस्थापकाला विचारले. त्याने थोडा विचार केला आणि मार्ग काढला. मार्ग काढण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. टाकी निम्म्यावर आली की वाहन गरजू ठरते. गरजू ठरले की टोकन मिळते. तेव्हा दादाने थोडी गाडी फिरवून यावी. समोर गोल चौक आहे, तिथे फिरायला छान जागा आहे.

दादा फिरू लागला. वर्षभर ज्या हत्तीच्या खादाडपणाबद्दल तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे रडला होता, तो हत्ती त्या दिवशी तोंडाला काही लावीना. दर दोन फेऱ्यांनी फोन येई. "छोट्या, काटा हलतच नाही रे! वरच आहे!" वहिनींनी एसी लावला, सगळे दिवे लावले, वायपर चालू केले, सोफ्याशेजारचा छोटा फ्रिज दार उघडे ठेवून लावला. तरी काटा ढिम्म. काटे बनवणाऱ्यांबद्दल दादा त्या दिवशी जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

इकडे आत्याच्या लक्षात गवत कापायचे यंत्र आले. "हे बघा, याला टाकी आहे," ती म्हणाली. "टाकीला झाकण आहे. यात भरा आणि बिल करा."

व्यवस्थापकाने यंत्राची पाहणी केली. ते सामान आहे की प्रवासी, यावर तो बराच वेळ अडला. सामान असेल तर त्यात इंधन देणे म्हणजे सुट्या भांड्यात देणे, आणि त्याला सक्त मनाई. प्रवासी असेल तर त्याने इंधन भरताना खाली उतरायला हवे. अखेर त्याला चाके आहेत आणि ते वाहनावर कायम बसूनही राहत नाही, तेव्हा ते चालकाचे सहायक मानावे असे ठरले. त्याने भरले. मगभर पेट्रोलमध्ये टाकी ओसंडली आणि दांडा जागचा हलला नाही.

"किमान मर्यादा बादलीभर आहे, मॅडम. उरलेलं भरावं लागेल."

"टाकी मगभराची आहे."

"मग रिकामी करून पुन्हा भरू."

"रिकामी कशी करू?"

"यंत्र चालवून."

"बरं, चालवते."

"आवारात इंजिन चालवायला मनाई आहे."

"मग बाहेर नेऊन चालवते."

"बाहेर जायला बिल लागतं."

आत्याने डोळे मिटले. तिने आयुष्यभर मुलांना वर्तुळ शिकवले, पण त्यात बसायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. "याबाबत मी मुख्य कार्यालयाचं मार्गदर्शन मागवतो," व्यवस्थापक म्हणाला आणि केबिनमध्ये गेला. मुख्य कार्यालयाने तत्काळ उत्तर दिले. आत्याचा प्रश्न त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा होता.

रांग आता हमरस्त्यापर्यंत गेली होती आणि हॉर्न वाजू लागले होते. आमच्या मागेच एक पांढरी गाडी होती. तिच्यातल्या गृहस्थांनी चार बोटे काच खाली करून मला बोलावले.

"काय झालंय?"

मी सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "तुमचं वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण नियम हवेतच. नियम नसतील तर सगळा सावळा गोंधळ होईल."

"साहेब, ट्रेलर हलका नाही, पण चारपाच जणांनी हात लावला तर दांड्यापर्यंत जाईल. मग व्यवस्थापकांना विनंती करता येईल. जरा उतरता का?"

गृहस्थांनी बोट काचेच्या फटीतून बाहेर काढून खांबावरचा फलक दाखवला. "चालकाने वाहन सोडल्यास क्रमांक रद्द."

"पण तुमचा क्रमांक आमच्यामुळेच अडलाय ना?"

"म्हणूनच सोडवत नाही. इतका वेळ थांबलोय. आता उतरलो तर एवढं थांबलेलं फुकट जाईल."

मी मागच्या गाडीच्या खिडकीशी गेलो, मग तिच्या मागच्या. सगळ्यांना आत्याचे वाईट वाटले. एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणी आले. त्यांनी काच वर केली आणि पुन्हा हॉर्न वाजवला. कोणी उतरले नाही. मला त्यांचे म्हणणे पटले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही उतरलो नसतो.

घड्याळवाल्यांचा फोन आला तो या वेळी. आत्याने स्पीकर लावला, कारण दोन्ही हातांनी तिने अजून खुर्ची धरली होती.

"निघालात का?" घड्याळवाल्यांचा आवाज जरा कापत होता. "मी केव्हाचा आलोय. शिपाई दोनदा खिडकीकडे बघून गेला."

"मी रांगेत आहे," आत्या म्हणाली.

"कसली रांग?"

"ते मलाही नीट माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि थोडे थांबून म्हणाले, "मी नवा कोट घातलाय. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

आत्याने फोन ठेवला. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिले नव्हते, आई गेली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा ती आम्हाला भाजी चिरायला बसवून स्वतः कणीक मळत होती. आताही ती रडली नाही. पण तिची हनुवटी हलली. माझे आत्यावर फार प्रेम आहे. मी तिच्या खुर्चीपाशी गेलो, तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "आत्या, धीर धर. मुख्य कार्यालयानं दखल घेतली आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिले. मग कमरेची दोरी सोडली आणि उभी राहिली.

"मॅडम!" व्यवस्थापक केबिनमधून धावत आला. "चालकानं आसन सोडलं तर क्रमांक रद्द होईल! वाहन कोठारात जाईल!"

"जाऊ दे."

"आणि आपलं कपाट?"

"मला कपाटाशी लग्न नाही करायचं," आत्या म्हणाली.

ती साडी सावरत ट्रेलरवरून उतरली आणि बाहेरच्या दांड्याकडे चालू लागली. दांड्यापाशी ती क्षणभर थांबली, तो किती जाड आहे ते तिने न्याहाळले, आणि दोन बोटांनी वर उचलला. तो प्लॅस्टिकचा पाइप होता. त्याला कुलूप नव्हते, साखळी नव्हती, काही नव्हते.

रांगेतली डोकी खिडक्यांतून बाहेर आली. हॉर्नसुद्धा थांबले. व्यवस्थापकाच्या तोंडाचा आ झाला. "तो हातानं उचलता येतो," तो पुटपुटला, "हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं."

आत्या दांडा धरून वळली. "चला, हात लावा कोणीतरी! पाच मिनिटांत ढकलून होईल. तुमचीही सुटका, आमचीही."

व्यवस्थापक म्हणाला, कर्मचाऱ्यांनी ग्राहकाच्या वाहनाला हात लावायचा नसतो. पांढऱ्या गाडीतले गृहस्थ आकाशाकडे पाहू लागले. बाकीच्यांनी फोन वर करून आत्याचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. आत्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ये रे. दादा चौकातच फिरतोय, त्याला हात करू. अजून पोचू."

मी ट्रेलरकडे पाहिले. रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. आमचा नंबर आला होता. नुसता आला नव्हता, आम्ही चौकटीत होतो! अशी जागा सोडून जायची?

"तू हो पुढे," मी म्हणालो. "कोणीतरी थांबायला हवं. मी चालक म्हणून बसतो. परवाना नूतनीकरणाखाली आहे, पण ते मी समजावून सांगेन."

आत्याने माझ्या गालावर हात फिरवला, मी लहान असताना ताप उतरला की नाही ते पाहायला फिरवायची तसा. मग ती दांड्याखालून बाहेर पडली, दांडा हळूच खाली ठेवला आणि चौकाकडे चालू लागली. थोड्या वेळाने दिवे, वायपर असे सगळे काही चालू असलेला हत्ती तिच्यापाशी थांबला आणि तिला घेऊन भरधाव निघून गेला.

त्यांनी खिडकी बंद होता होता गाठली. घड्याळवाल्यांनी शिपायाला भिंतीवरचे घड्याळ कसे मागे पडते ते समजावून दाखवत अडकवून ठेवले होते. सही झाल्यावर आत्याचा फोन आला. मागे सगळे हसत होते आणि वहिनी नाक ओढत होत्या. काका म्हणाले, कपाटाची काळजी करू नका, आमच्याकडे खुंट्या आहेत. मी आनंदाने अभिनंदन केले. मला लग्नाला जाता आले नाही, पण कुणीतरी जबाबदारीने वागायलाच हवे होते.

या गोष्टीला आता आठवडा झाला. माझ्या चालकपदाला तात्पुरती मान्यता मिळाली आहे. गवताच्या यंत्राबाबत मुख्य कार्यालयाने एक समिती नेमली असून ती पाहणीला निघाली आहे. तिची गाडी रांगेत असल्याचे कळते. दादा ट्रेलर न्यायला परत आला, तेव्हा लग्नाच्या धावपळीत हत्तीची टाकी निम्म्यावर आल्याने त्याला रीतसर टोकन मिळाले. तो बराच मागे आहे. रांगेतल्या लोकांनी एक संघ स्थापन केला आहे. पांढऱ्या गाडीतले गृहस्थ अध्यक्ष आहेत आणि रांगेवर छप्पर घालावे अशी संघाची मुख्य मागणी आहे. डबे घरून येतात. आत्या आणि काका काल माझ्यासाठीही घेऊन आले होते. ते दांडा उचलून चालत आत आले आणि दांडा उचलून चालत बाहेर गेले. संघाने त्याचा निषेध नोंदवला.

मागच्या गाड्यांमधून सारखी चौकशी होते की रांग का हलत नाही. प्रत्येकाला सांगून माझा घसा बसला, म्हणून ही सविस्तर हकिकत लिहून मी खिडकीतून खिडकीत मागे पाठवतो आहे. आपल्यापर्यंत ती पोचली, म्हणजे आपणही रांगेत आहात. आपण ती बसल्या जागी, इतक्या सावकाश, शेवटपर्यंत वाचलीत याबद्दल आभारी आहे. एवढ्या वेळात आपण उतरून आला असतात तर ट्रेलर ढकलून झाला असता. पण आपला क्रमांक गेला असता, हे मी समजू शकतो. कागद आपल्या मागच्या गाडीत द्यावा, आणि कृपया हॉर्न वाजवू नये.